तिसरी तार

मी एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, बागेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर तुम्ही बसलात, तर मी तुम्हाला दिसणार नाही. घोडे दिसतील, त्यांच्या आयाळी दिसतील, छताला टांगलेले छोटे आरसे दिसतील. मी या सगळ्यांच्या खाली असते, फळ्यांखालच्या बुटक्या खोलीत. तिथे तेलाचा वास असतो आणि फटींतून उन्हाच्या बारीक रेघा आत येतात. चक्र फिरू लागलं की त्या रेघा माझ्या अंगावरून हळूहळू सरकत जातात, आणि मला दर वेळी वाटतं, आपण पाण्याखाली आहोत. घोडे मी आजवर पाहिलेले नाहीत. पण वर कोण बसलंय, किती जण बसलेत, हे मला बरोबर कळतं. कसं, ते सांगते. जरा दम धरा, कारण सगळीकडे थोडं उशिरा पोहोचायचं हा माझा स्वभावच आहे.

ही गोष्ट माझी आहे, तशीच मेस्त्रींची आणि मावशीचीही आहे. मेस्त्री म्हणजे हे घोडे ज्यांनी कोरले ते सुतार. मावशी म्हणजे त्यांची बायको. ती तिकीटखिडकीत बसते आणि बागेत येणारी झाडून सगळी पोरं तिला मावशीच म्हणतात. एका वर्षी मला आणि मेस्त्रींना, दोघांनाही 'आता वय झालं' म्हणून कायमचं कोपऱ्यात बसवायची वेळ आली होती. त्यातून आम्ही थोडक्यात वाचलो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचून आधी माझी पोकळ गोल कूस तयार झाली. तिच्या आतल्या बाजूला खाचा होत्या. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवत होत्या. त्यांची बोटं चालत होती आणि तोंडंही. कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाची नवी शेजारीण, हे सगळं वेटोळ्यांबरोबर माझ्या पोटात जाऊन बसलं. मग मला वार्निशात बुडवलं आणि भट्टीत वाळवलं. त्या गप्पा अजून माझ्यात आहेत, असं मला पुष्कळ वर्षं वाटत असे.

माझ्या पोटात वेटोळ्यांचे तीन गट आहेत आणि बाहेरून तीन तारा येतात, एकेका गटाला एकेक. तिन्हींत वीज एकदम चढत नाही. पहिलीत चढते, ती उतरणीला लागली की दुसरीत चढते, मग तिसरीत, की पुन्हा पहिलीत. खिळ्याला तार गुंडाळून त्यातून वीज सोडली की खिळा लोहचुंबक होतो, हे तुम्ही शाळेत करून पाहिलं असेल. माझ्या पोटातही तेच होतं, फक्त पाळीपाळीने. आधी इथली वेटोळी चुंबक होतात, मग पुढची, मग त्याच्याही पुढची. मैदानात गोल बसलेली मुलं एकामागून एक उठून बसली, तर एक लाट गोल फिरत गेल्यासारखी वाटते. जागा कुणीच सोडलेली नसते, तरी लाट मात्र फिरते. तशी माझ्या पोटात एक अदृश्य लाट गोल फिरत असते. मी तिला नुसतं 'ती' म्हणते.

त्या पोकळीच्या मधोमध माझा फिरणारा भाग आहे. त्याला बाहेरून एकही तार जोडलेली नाही. त्याच्या अंगात अ‍ॅल्युमिनिअमच्या कांड्या आहेत, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारख्या. ती या पिंजऱ्याजवळून भर्रकन निघून जाते आणि जाता जाता कांड्यांमध्ये वीज जागी करते. कुणी दिलेली नाही, कुठून आणलेली नाही, तिच्या नुसत्या जाण्याने उठलेली वीज. त्या विजेने पिंजरा स्वतःच चुंबक होतो आणि तिच्या मागे ओढला जातो. मग मी धावू लागते.

आता यातली गंमत ऐका. मी तिला कधीच गाठत नाही. शेजारून आपल्याच वेगाने जाणारी गाडी जागच्या जागी उभी वाटते ना? तशी मी तिच्या अगदी बरोबरीने धावले, तर ती जवळून जातेय हे माझ्या कांड्यांना जाणवणारच नाही. वीज उठणार नाही, ओढ उरणार नाही. म्हणून मी कायम तिच्या थोडी मागे. मोकळी असले तर अगदी थोडी, ओझं आलं की जरा जास्त. मागे सरकले की तिची ओढ वाढते, आणि त्या वाढलेल्या ओढीवरच मी ओझं वाहते. वर एखादी चिमुरडी बसली की मी केसभर मागे सरकते. अख्खी शाळा बसली की बोटभर. वरचं काही दिसत नसूनही मला माणसं कळतात ती अशी. कुणी याला आळस म्हणतं, म्हणू दे. जी गोष्ट आपल्या पुढे आहे तिच्यामागे आयुष्यभर धावायला मिळणं, यापेक्षा मला दुसरं काही नको आहे.

मेस्त्रींनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. दिवसभर लोकांची दारं, कपाटं करायची आणि उरलेल्या वेळात घोडे कोरायचे, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. मावशी घोड्यांचे डोळे रंगवायची. एका घोड्याचा कान कोरताना पटाशी घसरली आणि कान अर्धाच राहिला. मेस्त्री हळहळले, पण मुलांना नेमका तोच घोडा आवडू लागला. त्याचं नाव पडलं कानतुट्या. त्याच्यासाठी रांगेत भांडणं व्हायची. लोक घोड्यांचं कौतुक करायला लागले की मेस्त्री पायाने फळीवर टकटक करत आणि म्हणत, "खरी घोडी इथे खाली आहे." ते ऐकून मी दिवसभर हवेत असायची.

मेस्त्रींची एक रीत होती. सकाळी ते बटण दाबत, मी एकटीच वेग घेई, आणि मुलं बसली की ते एक लोखंडी दांडी ओढून मला चक्राशी जोडणारा पट्टा ताणत. तेव्हा कुठे चक्र फिरू लागे. दांडी सोडली की चक्र थांबे, मी मात्र धावतच राही. संध्याकाळी बाग रिकामी झाली की ते झाकण उघडून खाली येत, मला बंद करत आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवत. तळवा टिकला तर सगळं ठीक, चटका बसला तर काहीतरी बिनसलंय. दुसरं कुठलं मोजमाप त्यांनी कधी ठेवलं नाही. तळवा टिकायचा, आणि ते म्हणायचे, "झोप आता."

तिकीटखिडकीत भिंतीवर एक विजेचं घड्याळ आहे. त्यात माझी धाकटी बहीण राहते, अंगठ्याएवढी मोटर. एकाच विजेवर जगतो म्हणून बहीण म्हणायचं, स्वभाव मात्र दोन टोकांचे. तिच्या फिरणाऱ्या भागाला स्वतःचं चुंबकत्व आहे, कायमचं. त्यामुळे तिला माझ्यासारखं मागे राहून वीज उठवून घ्यावी लागत नाही. ती विजेचा हात धरते आणि पावलाला पाऊल जुळवून चालते. वीजघरात जो ताल धरलेला असतो, तोच तिचा ताल, त्यात केसभरही मागेपुढे नाही. म्हणून तर तिच्यावर वेळ सोपवतात. माझ्यावर सोपवली असती तर बागेतली मुलं रोज उशिरा घरी गेली असती, आणि माझी त्याला काही हरकत नव्हती.

पण धाकटीचा एक नखरा आहे. वीज जाऊन परत आली की ती आपलीआपण उठत नाही. जागेवर उभं राहून धावत्याचा हात कसा धरणार? ती नुसती थरथरत राहते. म्हणून घड्याळाच्या मागे एक छोटी खुंटी दिली आहे. मावशी ती बोटांनी गर्रकन फिरवते, "चल गं बाई," म्हणते, आणि धाकटी निघते. कधी खुंटी उलटी फिरली तर घड्याळ उलटं चालू लागतं, तेही अगदी बिनचूक. एकदा असं झालं तेव्हा मावशी ते थांबवायला उठली, तर मेस्त्री म्हणाले, "राहू दे तसंच. संध्याकाळपर्यंत तरुण होऊ."

"तुम्ही व्हा," मावशी म्हणाली. "मला सगळा संसार पुन्हा पहिल्यापासून आवरायचा नाही."

मी खाली ऐकत होते. त्या दोघांचं असं चाललेलं असलं की माझाही आवाज मऊ व्हायचा.

मग मेस्त्री बदलू लागले. आधी त्यांच्या पावलांवरून मला कळलं. फळ्यांवरचं त्यांचं चालणं जड झालं, दोन पावलांमधलं अंतर वाढत गेलं. आवाज घोगरा झाला. भर दुपारी उन्हात ते स्वेटर घालून बसू लागले. घोड्याला रंग देता देता हातात ब्रश तसाच धरून झोपी जायचे. स्टुलावरून उठताना मावशीने हात द्यावा लागायचा. ती हात द्यायची आणि हसून म्हणायची, "घड्याळासारखा धक्का लागतो हो तुम्हाला." तेही हसायचे. "वय झालं," म्हणायचे.

मावशी वर हसायची. पण तेल घालायला खाली आली की तिचा चेहरा वेगळा असायचा. तेलाची बुधली हातात धरून ती माझ्यापाशी बसून राही. एकदा म्हणाली, "माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय, आणि मी नुसती हात देतेय." जरा थांबून म्हणाली, "तुझ्याशी बोलते, कारण तू कुणाला सांगणार नाहीस." तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिने दुसऱ्या कुणाला दाखवली नव्हती.

त्याच दिवसांत माझ्यावरही संकट आलं. भिंतीवरच्या पेटीत माझ्या तीन तारा स्क्रूखाली आवळलेल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या कंपनाने तिसरीचा स्क्रू सैल होत गेला आणि एक दिवस ती तार सुटून बाजूला झाली. पेटीचं दार बंद होतं, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. सकाळी मेस्त्रींनी बटण दाबलं, वीज आली, आणि मी तिची वाट पाहू लागले. ती आली नाही.

म्हणजे आली, पण फिरेना. उरलेल्या दोन तारांत मिळून एकच वीज वाहत होती, आणि एकट्या विजेने लाट गोल जात नाही. ती पाळण्यासारखी नुसती पुढे-मागे होत राहिली. उजवीकडे जेवढी ओढ, तेवढीच डावीकडे. मी जागेवर उभी, कुठल्या बाजूला धावावं ते कळेना. मी नुसती घुमत राहिले, जाड, दबलेल्या आवाजात.

"वीज तर आहे," मावशी वरून म्हणाली. "दिवा लागलाय. घड्याळ चाललंय." खरंच होतं ते, कारण दिवा आणि घड्याळ शाबूत राहिलेल्या तारांवर होते. मग ती खाली आली, माझा आवाज ऐकला आणि तिला एकदम उमगल्यासारखं झालं. "अहो, हिलाही घड्याळासारखा धक्का लागतोय वाटतं."

तिने माझ्या चाकाला हाताने हिसका दिला. मित्रांनो, तुम्ही हे कधीही करू नका, मोटरचं चाक हात खेचून घेतं. मावशीचा हात वाचला, आणि मी धावू लागले. कारण पुढे-मागे होणाऱ्या लाटेलाही, एकदा मी कुठल्या तरी बाजूला निघाले की, मला त्याच बाजूला ढकलत ठेवता येतं. फक्त पहिलं पाऊल ती देऊ शकत नाही. मावशीला हायसं वाटलं. मेस्त्रींनाही वाटलं. "चला, जमलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी शिसवाची एक जुनी फळी काढली. तिचे उभे दोन तुकडे केले. एकाचा त्यांनी मला ढकलायला दांडा केला, मावशीच्या हाताला चाक लागू नये म्हणून. दुसऱ्याची स्वतःसाठी काठी केली. दोन्ही घासून गुळगुळीत केले, दोन्हींना पॉलिश केलं. पूर्वी जे काम त्यांनी चहा निवायच्या आत संपवलं असतं, त्याला आता फार वेळ लागला. दांडा माझ्या बाजूला टेकवून ठेवताना ते म्हणाले, "तुला एक, मला एक." त्या दोघांचं माझ्यावर किती प्रेम होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या प्रेमामुळेच पेटीचं दार कुणी उघडत नव्हतं.

कारण आता रोज सकाळी मला धक्का मिळत होता, आणि मी चालत होते. तीन तारांचं काम दोनच तारा करत होत्या. त्या दोन गटांतून वाजवीपेक्षा जास्त वीज जाऊ लागली आणि माझं अंग तापू लागलं. मी संध्याकाळची वाट पाहायची. मला वाटायचं, आज मेस्त्री तळवा ठेवतील, चटका बसेल, आणि त्यांना कळेल.

संध्याकाळी ते यायचे, तळवा ठेवायचे, मग दुसराही ठेवायचे. त्यांचे हात बर्फासारखे गार असायचे. "आज छान गरम आहेस," म्हणायचे, आणि माझ्यापाशी शेकत बसायचे. ज्या हाताने मला तपासायचं, तो हातच थंडीने बधिरला होता. मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू. माझ्या तापाने त्यांना बरं वाटत होतं, आणि त्यांना बरं वाटताना पाहून मलाही क्षणभर बरं वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले, "आपण दोघं म्हातारे झालो गं. या सुट्ट्या संपल्या की घोडे बंद करू." त्यांनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं. तो येऊन मला बघून गेला, बोटाच्या पेराने माझ्या अंगावर टिचक्या मारून गेला. मेस्त्री वर गेल्यावर मावशीने माझ्यावरची धूळ पुसत म्हटलं, "घोडे बंद झाले की हे दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतील. मग त्यांना उठवायला मी कुठून दांडा आणू?"

सुट्ट्या संपायला आल्या तेव्हा एका सुट्टीतल्या शिबिरातून जणू अख्खी शाळाच आली. सगळे घोडे भरले, कानतुट्यावर तर दोघी बसल्या. मेस्त्रींनी पट्टा ताणला. मी बोटभर मागे सरकले, पण वाढीव ओढ मिळेना. आणखी मागे, आणखी मागे. मग जळका वास आला. फळ्यांच्या फटींतून धूर वर गेला तशी मावशी तिकिटं तिथेच टाकून धावली आणि तिने बटण बंद केलं. मुलांना काही झालं नाही. त्यांना वाटलं, घोडे ढगात शिरले. माझ्या पोटातलं वार्निश मात्र जळत होतं, आणि मला त्या कारखान्यातल्या बायकांच्या गप्पा एकेक करून विरताना ऐकू येत होत्या.

"संपलं," मेस्त्री म्हणाले. "देऊन टाक तिला भंगारात."

"देऊ की," मावशी म्हणाली. "आधी वाइंडरबाईंना दाखवते."

"आता काय दाखवायचंय त्यात?"

"जळकीच द्यायची ना? मग आज दिली काय नि चार दिवसांनी दिली काय."

वाइंडरबाई म्हणजे बाजारामागच्या गल्लीत मोटरी पुन्हा गुंडाळून देणाऱ्या बाई. त्यांचं दुकान एवढंसं, पण तांब्याच्या रिळांनी झळझळणारं. त्यांनी मला टेबलावर घेतलं, बोल्ट काढले, झाकण उचललं आणि चष्मा कपाळावर ढकलून आत वाकून पाहिलं. मग मावशीला जवळ बोलावलं.

"हे बघा. हे दोन गट जळून कोळसा झालेत. आणि हा तिसरा?"

मावशी वाकली. तिसरा गट तसाच होता, लालसर, चकचकीत.

"हा तर नवा दिसतोय," ती म्हणाली.

"हिचं वय झालं असतं तर तिन्ही गट सारखेच थकले असते. हिला तिसरी तार मिळतच नव्हती, मावशी. कुठेतरी सुटली असणार. पेटी उघडून बघा."

"पण धक्का दिला की चालायची हो."

"चालणारच. धक्क्याने चालते, म्हणून तर कुणी बघायला जात नाही."

"आमच्या घड्याळालाही धक्का लागतो. मला वाटलं, तसंच असेल."

"घड्याळाला पहिल्या दिवसापासून लागतो. त्याची घडणच तशी," वाइंडरबाई म्हणाल्या. "ही आधी आपलीआपण उठत होती ना? मग एके दिवशी उठेनाशी झाली, तेव्हाच विचारायचं होतं, का म्हणून."

मावशी स्टुलावर बसली. मी टेबलावर उघडी पडले होते, पण मला माझ्यापेक्षा तिची काळजी वाटत होती. मग तिने विचारलं, "माणसाचंही असं होत असेल का हो?"

"माणसाचं मला काय ठाऊक?" वाइंडरबाई म्हणाल्या. "मी तारा गुंडाळते. माणसांसाठी डॉक्टर आहेत की."

पुढचं मला मावशीच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण ती माझी चौकशी करायला दुकानात येत राहिली. मेस्त्री डॉक्टरांकडे जायला तयारच नव्हते. "मला काय झालंय? वय झालंय," हेच पालुपद. तेव्हा मावशी म्हणाली, "आपण एकाच वर्गात होतो. वय काय तुमचं एकट्याचं झालं?" मग ते निघाले. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते, ती अंगाला चालना देणारा एक रस तयार करते, आणि मेस्त्रींच्या अंगात तो फार कमी पडत होता. म्हणून थंडी, म्हणून झोप, म्हणून तो घोगरा आवाज. उपाय काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक इवलीशी गोळी. मावशीने वाइंडरबाईंना करंगळीच्या नखावर दाखवलं, "एवढीशी." आणि ती रडली. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण त्यांना जवळजवळ हरवून बसलो होतो, म्हणून रडली. वाइंडरबाईंनी तिला पाणी दिलं आणि माझ्यावरचं काम चालू ठेवलं.

गोळीने काही एका दिवसात जादू केली नाही. आठवडे गेले. मलाही घाई नव्हती. जुनी तार निघाली, खाचा साफ झाल्या, नवं तांबं आलं. वाइंडरबाई काम करताना जुनी गाणी गुणगुणत, स्वतःशीच हिशेब करत, मध्येच गल्लीतल्या मांजराला रागवत. ते सगळं नव्या वेटोळ्यांबरोबर माझ्या पोटात जाऊन बसलं. पुन्हा वार्निश, पुन्हा भट्टी. मी अर्धवट झोपेत असायची आणि स्वप्नात ती माझ्या थोडी पुढे धावत असायची. तिकडे भंगारवाला बागेत दोनदा येऊन गेला. मावशीने त्याला सांगितलं, "अजून ठरलं नाही."

एका सकाळी मला परत माझ्या खोलीत बसवलं. वाइंडरबाईंनी पेटीतले तिन्ही स्क्रू घट्ट आवळले. एक तार जरी निसटली तरी मला ताबडतोब बंद करेल, असं एक छोटं यंत्रही तिथे लावलं. मेस्त्री वर कानतुट्यापाशी स्टुलावर बसले होते, मावशी खिडकीत. बटण दाबलं. आणि ती आली. गोल, पूर्ण, न अडखळता. मी धक्क्याशिवाय तिच्या मागे निघाले. मेस्त्रींनी बसल्या जागेवरून दांडी ओढली आणि चक्र फिरलं.

वाइंडरबाई घोडे बघायला वर गेल्या. मग त्यांचा आवाज आला, "अगं बाई."

घोडे उलटे धावत होते, शेपट्या पुढे आणि तोंडं मागे. तीन तारांमधल्या कुठल्याही दोन तारा आपापसांत बदलल्या की लाट उलटी फिरते, आणि मी तर तिच्याच मागे जाणार. वाइंडरबाई जीभ चावून पेटीकडे वळल्या. तेवढ्यात मेस्त्री म्हणाले, "राहू दे तसंच. संध्याकाळपर्यंत तरुण होऊ."

आवाज घोगरा नव्हता. कितीतरी महिन्यांनी त्यांनी थट्टा केली होती. मावशी इतकी हसली की तिला बाहीने डोळे पुसावे लागले, आणि मग ती बराच वेळ डोळे पुसतच राहिली.

तारा बदलल्या, घोडे सरळ धावले, दिवसभर मुलं येत राहिली. संध्याकाळी मेस्त्री आणि मावशी खाली आले. मेस्त्रींनी मला बंद केलं, बुटक्या स्टुलावर बसले आणि सवयीने माझ्या पाठीवर तळवा ठेवला. ठेवला आणि जरा उचलला. "ही एवढी गरम असते होय?"

"नेहमीचीच आहे," मावशी म्हणाली. "तुमचे हात आता गार नाहीत."

त्यांनी तळवा पुन्हा ठेवला. तो टिकला. "झोप आता," ते म्हणाले, आणि उठायला निघाले. मावशीचा हात सवयीने पुढे झाला. पण मेस्त्री आपलेआपण उठून उभे राहिले होते. तिचा हात तसाच हवेत राहिला. तिने त्या हाताकडे पाहिलं. मग त्याच हाताने ती माझ्या पाठीवरची धूळ पुसू लागली, तिथे धूळ नव्हती तरी.

तो दांडा आणि ती काठी आता माझ्या खोलीत नाहीत. मेस्त्रींनी दोन्हींचे तुकडे करून सगळ्यांत लहान घोड्यांना धरायच्या मुठी केल्या, चिमुकल्या हातांना पुरतील अशा.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी धक्क्यावर चालत असेल. पंखा असेल, सायकल असेल, एखादं माणूस असेल. धक्का द्या, हात द्या, त्यात काही चूक नाही. पण कालपर्यंत जे आपलंआपण उठत होतं, त्याला आज हात का लागतो, एवढं त्याच दिवशी विचारा. 'वय झालं' हे उत्तर पटकन मानू नका. पेटीचं दार उघडून बघा.

आता मला बोलावणं आलंय. पट्टा ताणला जातोय. वर कानतुट्यावर कुणीतरी चढलंय, अगदी हलकं, बहुतेक पहिल्यांदाच आलेलं. मी केसभर मागे सरकते आहे.